संशयांक एकाहत्तर

कस्तुरीचा आकडा मंगळवारी एकतीस होता, बुधवारी एकोणचाळीस, आणि गुरुवारी सकाळी पर्यटकांची पहिली टोळी नाक्यावरून वर येत असतानाच तो एकाहत्तर झाला. घोडेतळावरच्या मोठ्या फलकावर तिच्या नावापुढचा चौकोन लाल झाला. तळावर तेव्हा साठेक घोडे उभे होते. दोन मिनिटांत कस्तुरीच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी झाली. कोणी आरडाओरडा केला नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घोड्याचा लगाम धरला आणि मागे सरकला, इतकंच.

रज्जाक मुजावर मात्र तिच्या मानेवर हात ठेवून उभाच राहिला. साठीतला माणूस. चाळीस वर्षं याच तळावर घोडे फिरवलेले. गावाची पशुवैद्य डॉ. मंजिरी वाघचौरे हातमोजे चढवत आली, तेव्हा त्यानं नेहमीसारखा सलाम केला नाही.

"विसावी ना ही, बाई?"

"हो."

"आधीचे एकोणीसही तुम्हीच नेलेत."

"मीच नेले, रज्जाकभाई. दुसरं कोण आहे इथं?"

"तेच म्हणतोय," तो म्हणाला.

भैरवमाथ्यावर मोटारींना बंदी होती. गाड्या खाली नाक्यावर थांबत आणि तिथून वर साडेतीन किलोमीटर माणसं, सामान, गॅसच्या टाक्या सगळं घोड्यावरून नाहीतर हातगाडीवरून येई. तीनशे ऐंशी घोडे होते आणि त्यांच्यावर दीडशे घरं चालत होती. त्यामुळे घोड्यांचा आजार म्हणजे गावाचाच आजार.

त्यातही ग्लँडर्सचं नाव निघालं की जुनी माणसंसुद्धा आवाज खाली आणत. हा घोड्यांचा फार जुना रोग. नाकात व्रण पडतात, दाट चिकट स्राव वाहतो, पायांवर ओळीनं गाठी येऊन फुटतात, फुफ्फुसात गळवं होतात. त्याचे जिवाणू शरीराच्या पेशींच्या आत लपून बसतात. औषध दिलं तर घोडा बरा झाल्यासारखा दिसतो, पण जिवाणू आतच राहतात आणि तो बरा दिसणारा घोडा महिनोन्‌महिने इतरांना रोग वाटत फिरतो. माणसालाही तो होतो. म्हणून या रोगात घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला शांतपणे मारतात आणि चुन्यात पुरतात. सहा वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका घोडेबाजारातून हा रोग माणसांत शिरला आणि नऊ जण दगावले. त्यानंतर नवा कायदा झाला, अश्वरोग नियंत्रण मंडळ आलं, आणि मंडळानं श्वासपट्टा आणला.

श्वासपट्टा म्हणजे लगामाच्या नाकपट्टीवर बसणारी, काडेपेटीएवढी डबी. शरीर जंतूशी लढायला लागलं की त्याच्या आतली रसायनं बदलतात. त्यातली काही हलकी असतात, ती रक्तातून फुफ्फुसात येतात आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला ती कळत नाहीत, डबीतल्या संवेदकाला कळतात. ग्लँडर्स झालेल्या आणि न झालेल्या हजारो घोड्यांचे उच्छ्वास त्या यंत्राला आधी शिकवले होते. प्रत्येक श्वासागणिक ते ताडून बघे आणि शंभरपैकी एक आकडा देई. मंडळाच्या कागदांत त्याचं नाव 'संशयांक'. चाळीसच्या वर गेला तर घोडा वेगळा बांधायचा. सत्तरच्या वर गेला तर चोवीस तासांत मारायचा. पूर्वी यासाठी रक्ताची तपासणी लागे, तिला आठवडा जाई. तेवढ्या वेळात रोग पसरतो, म्हणून नव्या कायद्यानं ती काढून टाकली होती.

गेल्या आठ महिन्यांत भैरवमाथ्यावर एकोणीस घोडे सत्तर ओलांडून गेले होते. आणि या आठ महिन्यांत गाव बदललं होतं. शेजाऱ्याच्या बादलीतलं पाणी आता कोणी आपल्या घोड्याला दाखवत नसे. कोणी दुसऱ्याच्या घोड्याला मिऱ्याची पूड हुंगवून आकडा चढवतो, अशी बोलवा होती, आणि त्यापायी दोघांची डोकी फुटली होती. बाईंनी विजेच्या गाड्यांच्या कंपनीशी संधान बांधलंय, घोडे संपले की इथं गाड्या येणार, असंही बोललं जाई. मंजिरीच्या कानावर ते आलं होतं. चहाच्या टपरीवर ती गेली की बाकं रिकामी होत.

विलगीकरणाची शेड गावाबाहेर उत्तर कड्याजवळ होती. मागे खड्डा खणून तयार, शेजारी चुन्याच्या गोण्या. भीतीमुळे तिकडे कोणी फिरकत नसे. मंजिरीनं आणि रज्जाकनं कस्तुरीला तिथं नेलं. मंजिरीनं सुई भरली.

"आधी तिच्या नाकात बघा," रज्जाक म्हणाला.

तिनं टॉर्च लावून पाहिलं. दोन्ही नाकपुड्या गुलाबी, ओलसर, स्वच्छ. जबड्याखालच्या गाठी सुजलेल्या नव्हत्या. पायांवरून हात फिरवला, कुठे काही नाही. ताप नाही. काळसर तांबड्या, कुमैत रंगाची ती दहा वर्षांची घोडी कान टवकारून बाहेरच्या पाखरांकडे बघत होती.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"आधीच्या एकोणिसांत काय दिसलं होतं?"

त्यांच्यातही काही दिसलं नव्हतं. मेलेला घोडा फाडून बघायची परवानगी नव्हती, संसर्गाचा धोका म्हणून. तिनं मंडळाला एकदा पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं होतं की लक्षणं दिसण्याआधी रोग पकडणं हेच यंत्राचं वैशिष्ट्य आहे. म्हणजे लक्षणं दिसली तर यंत्र बरोबर, आणि न दिसली तर यंत्र आणखीच बरोबर. तिला ते उत्तर बोचलं होतं, पण तिनं ते फाइलला लावलं होतं.

"रक्त काढा," रज्जाक म्हणाला. "जुन्या पद्धतीनं तपासून घ्या. खरंच रोग निघाला तर मी स्वतः तिचं डोकं मांडीवर घेईन. पण असं नाही, बाई. आकड्यावर नाही."

"कायद्यात बसत नाही ते."

"मला माहीत आहे कायदा. मी तुम्हाला विचारतोय."

ती बराच वेळ हातात सुई धरून उभी होती. मग तिनं सुईतलं औषध मातीत सोडलं. कस्तुरीच्या मानेतून तीन नळ्या रक्त काढलं, नाकातून आणि घशातून कापसाचे बोळे फिरवून घेतले. तिच्या नाकपट्टीवरची डबी काढली. डबी निघाली की यंत्राच्या लेखी घोडा संपला. दोघांनी मिळून रिकाम्या खड्ड्यात चुना ओतला, माती लोटली आणि वरून फोटो काढून मंडळाला पाठवला. नोंदीत मंजिरीनं लिहिलं : क्रमांक वीस, मारली, पुरली. खाली सही केली. नोकरीच्या सतरा वर्षांत तिनं केलेली ती पहिली खोटी सही.

"शेडच्या बाहेर आणायची नाही," तिनं बजावलं. "तुमच्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. मोजे, मास्क, गमबूट. आणि घरी जाण्याआधी आंघोळ."

"मी घरी जाणारच नाही," रज्जाक म्हणाला.

आपल्यावर त्याचा विश्वास नाही, हे तिला त्या वाक्यातून कळलं. मी पाठ फिरवली तर बाई येऊन सुई टोचतील, असं त्याला वाटत होतं. आणि खरं म्हणजे तिचाही त्याच्यावर नव्हता. हा माणूस एखाद्या सकाळी घोडी घेऊन जंगलातून खाली उतरेल आणि रोग असलाच तर तो सगळ्या मुलखात पसरवेल, या भीतीनं ती रोज उजाडताच शेडकडे धावत जाई. घोडी दिसली की थोडा वेळ बरं वाटे. मग ती घोडीच्या नाकात बघे, तिचं तापमान घेई, आणि नंतर स्वतःचं. चौथ्या दिवशी तिला खोकला आला. तिनं घरात स्वतःला कोंडून घेतलं. दोन दिवसांत खोकला गेला, तरी थर्मामीटर उशाशीच राहिला.

नमुने तिनं डॉ. कौस्तुभ तांबटकडे पाठवले होते. पशुवैद्यकीय कॉलेजातला तिचा वर्गमित्र, आणि श्वासपट्टा ज्यांनी बनवला त्या चमूचा प्रमुख. जुन्या पद्धतीची प्रयोगशाळा त्याच्याच संस्थेत उरली होती. नळ्यांवर तिनं घोड्याचं नाव घातलं नव्हतं.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला.

"मंजू, हे रक्त पॉझिटिव्ह आहे. प्रतिपिंडं चांगली भरपूर आहेत. कुठला घोडा हा?"

ती खुर्चीवर बसली. "आणि जिवाणू?"

"कुठला घोडा, ते सांग आधी."

"जुना साठवलेला नमुना आहे. जिवाणू सापडला का?"

"नाही. रक्तात नाही, नाकातल्या बोळ्यात नाही, वाढवून बघितलं तरी नाही. पण तो लपतो, तुला माहीत आहे. फुफ्फुसात असेल."

"फुफ्फुसात नसला तर?"

"तर प्लीहेत असेल."

"कौस्तुभ," ती म्हणाली, "अशी कुठली गोष्ट आहे का, की जी सापडली तर तू म्हणशील यंत्र चुकलं?"

तो म्हणाला, "तू काहीतरी लपवते आहेस. मी आत्ता विचारत नाही. पण तो घोडा जिवंत असेल तर आजच संपव. मी मित्र म्हणून सांगतोय."

तिनं कस्तुरीला संपवलं नाही. पॉझिटिव्हचं तिनं रज्जाकला सांगितलं मात्र. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मग आता?"

"अजून चार दिवस. मला एक बघायचंय."

तिनं गावाचा नकाशा काढला आणि वीस घोडे कुठे बांधले जात त्या जागांवर खुणा केल्या. अठरा खुणा पश्चिमेच्या उतारावर पडल्या. उरलेल्या दोन घोड्यांचे मालक पूर्वेला राहत, पण दुपारी पश्चिमेच्या तळावर उभे राहत. त्या उतारावरचे सगळे घोडे खापरीच्या टाक्यावर पाणी पीत. कातळातलं जुनं, झऱ्याचं टाकं. त्याची देखरेख दगडू ढेबेकडे होती.

रज्जाक ताडकन उठला. "ढेब्यानं पाण्यात घातलं काहीतरी! मला वाटतच होतं."

"त्याचा स्वतःचा सर्जा गेला ना त्यात? अकरावा होता तो."

"स्वतःवर कोणी संशय घेऊ नये म्हणून."

मंजिरीनं त्याच्याकडे पाहिलं. हाच रज्जाक आणि ढेबे तीस वर्षं एकमेकांच्या लग्नकार्यांत वाढपाला उभे राहिलेले होते. "तसं नसेल," एवढंच ती म्हणाली, पण तिच्याही मनात तो विचार येऊन गेला होता.

टाक्यातलं पाणी आणि तळाचा गाळ तिनं बाटल्यांत भरला. या वेळी तो कौस्तुभकडे न पाठवता मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे पाठवला. बारा दिवसांनी उत्तर आलं. गाळात विष नव्हतं. ग्लँडर्सही नव्हता. तिथं ग्लँडर्सच्या जिवाणूचा एक चुलतभाऊ मोठ्या संख्येनं राहत होता, ओल्या मातीत वाढणारा आणि जनावराला सहसा काही न करणारा. गेल्या वर्षी टाकं खोल करताना तळ ढवळला गेला होता.

मंजिरीनं ते पत्र तीन वेळा वाचलं आणि तिला सगळं लख्ख दिसलं. हे दोन जिवाणू बाहेरून इतके सारखे दिसतात की शरीराला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. पाण्यातून चुलतभाऊ पोटात गेला, घोड्याचं शरीर त्याच्यावर तुटून पडलं आणि त्यानं तो सहज संपवला. पण लढाईची हत्यारं, म्हणजे ती प्रतिपिंडं, रक्तात राहिली. रोज पाणी, रोज थोडी लढाई. श्वासपट्टा ती लढाई हुंगत होता. त्याला शिकवलेले घोडे सपाटीवरचे होते, तिथल्या मातीत हा भाऊबंद नव्हता. शरीर कोणाशी लढतंय, हे यंत्राला कळत नव्हतं.

आणि मग दुसरा विचार आला. त्यामुळे तिला पत्र खाली ठेवावं लागलं. चुलतभावाशी लढून तयार झालेलं शरीर खऱ्या ग्लँडर्सलाही अडवू शकेल. म्हणजे या गावात जे घोडे त्या रोगापुढे टिकले असते, तेच वेचून वेचून तिनं मारले होते.

ढेबेनं सर्जाच्या जागी दोन महिन्यांपूर्वी एका बाजारातून नवा घोडा आणला होता. राखट पांढऱ्या, सब्जा रंगाचा, देखणा. त्याचा आकडा चौदा. तो बांधला होता पूर्वेच्या तळावर, कारण पश्चिमेच्या उतारावरचेच घोडे जास्त जातात, याचा ढेबेनं धसका घेतला होता. मंजिरी एका दुपारी तिथून जात असताना तिला त्याच्या डाव्या नाकपुडीतून पिवळसर धार दिसली.

"कधीपासून वाहतंय, ढेबे?"

"सर्दी आहे. प्रवासाची."

"दोन महिने प्रवासाची सर्दी राहत नाही. मला नाकात बघू द्या."

ढेबे घोड्याच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला. पन्नाशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. आवाज चढवला नाही त्यानं. "फलक बघा, बाई. चौदा आहे. हिरवा आहे."

"फलकाचं सोडा. हे नाक—"

"माझा सर्जा बाहत्तर म्हणून मारलात ना तुम्ही? नाक स्वच्छ होतं त्याचं. मी म्हणालो होतो, बाई, नाक बघा. तुम्ही म्हणालात, फलक बघा. आता हा चौदा आहे, तर याला जगू द्या."

आजूबाजूला दहा-पंधरा घोडेवाले जमले होते. कोणीतरी म्हणालं, "पश्चिमेचे संपले, आता पूर्वेकडे नजर गेली." मंजिरीला परत फिरावं लागलं. जाताना तिनं खुंटीला अडकवलेला सब्जाचा तोबरा उचलला. ज्या पिशवीत तोंड घालून घोडा चंदी खातो, तिच्या काठावर पिवळा स्राव वाळलेला होता. ढेबेनं पाहिलं, पण पिशवीसाठी तो भांडला नाही.

तोबरा तिनं कौस्तुभला पाठवला, या वेळी नाव-गाव घालून. पाचव्या दिवशी तो फोनवर न बोलता स्वतःच भैरवमाथ्यावर आला. बरोबर मंडळाचे तीन अधिकारी होते. तोवर पूर्वेच्या तळावरचे चार घोडे तापानं आडवे झाले होते. त्या चौघांचे आकडे आदल्या दिवसापर्यंत वीसच्या आत होते, ताप भरल्यावरच ते चढले.

"तोबऱ्यावर ग्लँडर्सचा जिवाणू आहे," कौस्तुभ म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "पण घोड्याचा आकडा चौदा आहे, मंजू. हे होऊ शकत नाही. नमुन्यात काहीतरी मिसळलं असणार."

"होऊ शकतं. तो जुना वाहक आहे. त्याच्या शरीरानं लढणं सोडून दिलंय, जिवाणू आणि तो एकत्र राहताहेत. लढाई नाही, म्हणून वास नाही, म्हणून चौदा." तिनं त्याच्यापुढे गाळाचं पत्र ठेवलं आणि बाकीचं सांगितलं.

त्यानं वाचलं. "पटण्यासारखं आहे. पण हा तर्क झाला. ज्याचा आकडा सत्तरच्या वर आहे आणि ज्याला रोग नाही, असा एक तरी घोडा दाखव. ते सगळे तर मेले."

मंजिरी शेडकडे गेली.

रज्जाक कस्तुरीला खरारा करत होता. तिनं सांगितलेलं त्यानं हात न थांबवता ऐकलं.

"तिला बाहेर नेलं तर मारतील?"

"कायद्यानं मारायला पाहिजे. मी अडवीन, पण माझं ऐकतील असं नाही."

"आणि नाही नेली तर?"

"तर पट्टे तसेच राहतील. पश्चिमेचे उरलेले घोडे एकेक करून मारले जातील आणि पूर्वेचे रोगानं जातील."

"तुमचंही जाईल सगळं. ती खोटी सही."

"हो."

रज्जाकनं घोडीच्या कपाळावर कपाळ टेकवलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी धरतो लगाम. तुम्ही पुढं चला."

घोडेतळावर त्या दिवशी सगळं गाव होतं. मेलेली घोडी चालत येताना बघून आधी कोणाला काही उमजलं नाही. मग पुटपुट सुरू झाली. कौस्तुभनं स्वतःच्या हातानं तिला नवा पट्टा चढवला. फलकावर आकडा आला : अठ्ठ्याऐंशी. गर्दी एकदम मागे हटली.

"त्रेचाळीस दिवस झाले," मंजिरी मोठ्यानं म्हणाली. "रज्जाकभाई तिच्याजवळ राहताहेत, तिला खापरीचंच पाणी आणून पाजताहेत. तिला काही नाही, त्यांना काही नाही. हवे तेवढे नमुने घ्या."

कौस्तुभ फलकाकडे बघत राहिला. स्वतःच्या यंत्राकडे इतक्या अविश्वासानं बघणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

गर्दीतून ढेबे पुढे आला. त्याला ताप होता, ओठ सुकले होते, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"आमचे मारलेत आणि ह्याची ठेवलीत," तो म्हणाला. "बरोबर ना, बाई?"

"ढेबे, मला तेव्हा—"

"सर्जाच्या वेळी का नाही काढलंत रक्त?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

"कळलं नव्हतं, का कळून घ्यायचं नव्हतं?"

ढेबे तिथंच खाली बसला. त्याला उचलून हातगाडीवर घालून नाक्यापर्यंत नेलं. सब्जाचा रोग त्याला लागला होता. तो वाचला, पण तीन आठवडे शिरेतून औषध आणि पुढे साडेतीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. पूर्वेचे सात घोडे आणि तो सब्जा मिळून आठ घोडे गेले. या वेळी प्रत्येकाच्या नाकातून जिवाणू सापडल्यावरच सुई टोचली गेली. पश्चिमेच्या पाण्यावरचा एकही आजारी पडला नाही. चोवीस तासांचा नियम स्थगित झाला. पट्टे राहिले, पण आकड्यावरून घोडा मारणं बंद झालं. कस्तुरीला संस्थेत नेलं. तिच्या रक्तावरून लस बनवता येईल का, ते बघायचं होतं. पाठवताना रज्जाकनं कौस्तुभला तिच्या खाण्यापिण्याच्या इतक्या सूचना दिल्या की तो शेवटी वहीत लिहून घ्यायला लागला.

चौकशी सहा महिन्यांनी गावाच्या सभागृहात झाली. खोटी सही तिनं कबूल केलीच होती. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते, आणि त्यांना तिला वाचवायचं होतं, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं.

"कस्तुरीच्या प्रकरणात तुम्हाला पहिल्यांदा शंका आली आणि तुम्ही लगेच पाऊल उचललंत. आधीच्या एकोणीस वेळी शंका यायला काही कारणच नव्हतं. असंच ना?"

'हो' म्हटलं की संपलं असतं. मागच्या रांगेत ढेबे बसला होता, अंगानं निम्मा झालेला. मंजिरीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं तो कुठे बसलाय.

"नाही," ती म्हणाली. "सातव्या घोड्यापासून शंका होती."

लिहून घेणाऱ्याचा हात थांबला.

"सातव्याच्या नाकात मी टॉर्च लावून पाहिलं होतं. स्वच्छ होतं. मी मंडळाला पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर पटलं नाही, आणि तरी ते मी फाइलला लावून टाकलं. यंत्र बरोबर असेल तर दोष माझ्यावर येणार नव्हता, आणि चूक असेल तरी येणार नव्हता. त्यानंतरचे बारा घोडे मी शंका असताना मारले. त्यात ढेब्यांचा सर्जा होता. त्यांनी मला नाक बघायला सांगितलं होतं. मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला थांबावं लागलं असतं."

ढेबे उठला आणि मान खाली घालून बाहेर निघून गेला.

मंजिरीची नोकरी गेली. खातेनिहाय कारवाईच्या कागदात 'कर्तव्यात कसूर' असं लिहिलं होतं, ते तिला खोटं वाटलं नाही. नवीन डॉक्टर आला. तरुण, हुशार, श्वासपट्ट्याची सुधारलेली आवृत्ती घेऊन. तिनं सामान बांधायला घेतलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी दारात टापा वाजल्या. ढेबे उभा होता, हातात एका शिंगरीची दोरी. शिंगरी दोनेक वर्षांची, मधूनमधून ढासत होती.

"यंत्र अठरा दाखवतंय," तो म्हणाला. "नवीन साहेब म्हणतात, साधा खोकला आहे, काळजी नको. नवीन आवृत्ती चुकत नाही म्हणे."

"मग?"

"मग तुम्ही बघा."

"ढेबे, मी आता डॉक्टर नाही इथली. आणि मलाही एका नजरेत खात्रीनं सांगता येणार नाही."

"सर्जाचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "ते आधी सांगून ठेवतो. पण ज्याला खात्री नाही तोच नीट बघेल, एवढं मला कळलंय."

मंजिरीनं बांधलेली पेटी उघडली आणि टॉर्च आणि हातमोजे काढले. बाहेर येऊन तिनं शिंगरीच्या गळ्याखालून हळू हात फिरवला. शिंगरी दचकली, मग स्थिर झाली. ढेबेनं दोरी आखडून धरली आणि मंजिरीच्या खांद्यावरून वाकून, प्रत्येक हालचालीवर नजर ठेवत, तोही नाकपुडीत बघू लागला.